पाच प्रहरांचं पाणी

वाशिम
१७ मार्च २०२५

राखी,

हे पत्र सोमवारच्या पिशवीतून पाठवते आहे. यापुढे पथकातल्या कुणाच्याही तब्येतीबद्दल जे लिहायचं ते कागदावर, बंद पाकिटात, याच पिशवीतून. व्हॉट्सॲपवर नाही. फेब्रुवारीत गोविंदाला कावीळ झाल्याचं त्याच्या बायकोच्या आधी ग्रुपवरच्या एकोणचाळीस जणांना कळलं. तो ड्रायव्हर असला तरी त्याची तब्येत ही त्याची खासगी गोष्ट आहे.

त्या काविळीचा माग मी काढला. गोविंदासह पथकातले तिघे आजारी पडले ते घरून आणलेल्या किंवा वाटेत हॉटेलात भरून घेतलेल्या पाण्यामुळे. म्हणून उन्हाळी पथकासाठी नवी पद्धत केली आहे. प्रत्येकीला रोज दीड लिटरच्या दोन बाटल्या मिळतील. त्या इथे वाशिमला भरून, सील करून, नारिंगी पट्टी लावून येतील. दुसरं कुठलंही पाणी गाडीत चढणार नाही, घरचंसुद्धा. काम जोडीने करायचं आणि संध्याकाळी जोडीदारणीने दुसरीच्या बाटल्या बघून पत्रकावर खूण करायची. स्वतःची खूण स्वतः करायची नाही, कारण स्वतःबद्दल माणसं खरं लिहीत नाहीत. शिवाय सकाळी निघताना आणि संध्याकाळी परतल्यावर वजन. दिवसाकाठी दोन टक्क्यांहून जास्त घट सलग तीन दिवस दिसली, तर ती व्यक्ती फिल्डवरून ऑफिसला.

वीटभट्ट्यांवरच्या आणि तांड्यांवरच्या लोकांना उन्हापासून वाचवायचं काम तुमचं. तुम्हाला वाचवायचं माझं. पत्रकं दर शनिवारी पाठव.

वैभवी


शेलूबाजार
२२ मार्च

वैभवे,

'प्रिय' लिहाले शाई जास्त लागते काय वं? अकोल्याच्या होस्टेलात तीन वर्षं एका खोलीत काढली आपण, अन् तू मले तहसीलदारासारखी नोटीस पाठवतं.

तुही नोटीस मुक्कामाच्या भिंतीले डकवली. माह्या जोडीले जी पोट्टी आली तिचं नाव जिनल. इथलीच, स्टँडाजवळच्या किराणावाल्या देवेंद्रकुमार काकांची. लॅबचा कोर्स केला तिनं. रक्त घेते त समोरच्याले समजत नाई सुई कवा गेली अन् कवा निघाली. आकडे असे काढते का छापल्यासारखे. तुले आवडन ती, दोघी मोजत बसा. घरचे म्हणत होते दुकानात बस, पण तिले फिल्डच पाह्यजे. 'ताई, मला आयुष्यभर काउंटरच्या आत नाही बसायचं,' म्हणते.

बुधवारी तिचा बाप सकाळी सहाले स्टीलची कॅन घेऊन गाडीपाशी उभा. मी म्हटलं, 'काका, घरचं पाणी चालत नाई आता.' ते काई बोलाच्या आत जिनलच म्हणे, 'पप्पा, राहू द्या. मला लागतं तसं पाणी तिथे मिळतं.' बिचारे कॅन घेऊन परत गेले.

आता माही एक शंका. तीन लिटर पाजतं, पण आमाले उतरवशीन कुठं? भट्टीवर चारी बाजूनं माणसं. आडोसा म्हणशीन त रचलेल्या विटा, अन् त्याच्यामागं मुकादम बिडी ओढत बसेल. याच्यावर पण एखादी खूण ठेव न पत्रकात.

तुही (प्रियच),
राखी


वाशिम
२४ मार्च

राखी,

शंका रास्त आहे. गाडी दर दोन तासांनी जवळच्या ग्रामपंचायतीच्या स्वच्छतागृहाशी थांबवावी, असं मी कामाच्या सूचनांत कलम सात म्हणून घातलं आहे. गोविंदाला दाखव.

जिनलच्या वडिलांची समजूत घाल. आपल्या घरचं पाणी शुद्ध, असा प्रत्येक घराचा समज असतो. फेब्रुवारीतल्या तिन्ही घरांचाही होता. तिचा भरतीचा फॉर्म मी पुन्हा पाहिला. आहार: शाकाहारी, कांदा-लसूण नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. इतर अडचण: नाही. जेवणाचा डबा घरून आणायला माझी हरकत नाही.

वैभवी


शेलूबाजार
५ एप्रिल

वैभवे,

कलम सात गोविंदाले दाखवलं. त्यानं पूर्ण वाचलं, हासला, अन् म्हणे, 'ताई, ग्रामपंचायतीच्या संडासाची किल्ली सरपंचाच्या खिशात, अन् सरपंच मंगरूळपीरले.' असो. तू मनावर नको घेऊ. आमी आमचं पाहून घेतो.

पत्रकं सोबत आहेत. सगळ्या बाटल्या रिकाम्या, सगळ्या खुणा पूर्ण. खुश राह्य. मुक्कामामागच्या दोन बाभळी या उन्हात अशा हिरव्यागार झाल्या का शेजाऱ्याच्या बकऱ्या खुंटे उपटून तिकडंच पळतात.

भट्टीवर काल मजा झाली. कमलीबाई म्हणून एक आहे, विटा थापते, तोंडाची लई फटकळ. जिनल तिले मिठा-साखरेचं पाणी देऊन म्हणे, 'मावशी, दर अर्ध्या तासाने प्यायचं, तहान नसली तरी.' कमलीबाई म्हणते, 'अवं माय, सकायपासून मले पी पी करून राह्यली, तू कवा पेतं? तुये होट पाह्य, भेगा पडल्या. तुई मिठा-साकर का दुकानात इकाले ठेवली?' सारे हासले. जिनलपण हासली, अन् होटातून रक्त आलं तिच्या.

पारा त्रेचाळीसले गेला. रिठदले माह्या घरी बाबा म्हणतात, असं ऊन चैतात पाह्यलं नाई.

राखी


वाशिम
७ एप्रिल

राखी,

दोन गोष्टी. बाभळींखाली ओल असेल तर मुक्कामाच्या टाकीला गळती आहे. प्लंबर पाठवते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वजनाच्या नोंदी आणि बाटल्यांच्या नोंदी जुळत नाहीत. जिनल सकाळी ४६.८, संध्याकाळी ४५.५. घट १.३ किलो, म्हणजे २.८ टक्के. चार दिवस असंच. तुझीही घट रोज किलोभर. तीन लिटर पाणी पोटात गेलेलं असताना, सावलीच्या तंबूत बसून केलेल्या कामात, हे होत नाही. दोन मापांपैकी एक चुकतं आहे. बाटली ही साधी गोष्ट आहे, ती रिकामी असते किंवा नसते. काटा मात्र दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली असतो आणि स्प्रिंगचा आहे. संध्याकाळी तो कमी दाखवत असणार.

गोविंदाबरोबर नवा डिजिटल काटा पाठवते. तोवरच्या नोंदींवर लाल रेघ मार. नियमाप्रमाणे जिनलला ऑफिसला बोलवायला हवं होतं, पण चुकीच्या मापावर कुणाचं काम काढून घेणं मला पटत नाही. तिला स्वतःला काही सांगायचं असेल तर चार ओळी लिहायला सांग.

वैभवी


शेलूबाजार
९ एप्रिल

आदरणीय वैभवी मॅडम,

राखीताईंनी आपलं पत्र वाचून दाखवलं. काट्याबद्दल आपला अंदाज बरोबर आहे. तो मी सोयीसाठी पोत्यावर ठेवला होता, फरशीवर नाही. पोतं मऊ असल्याने माप कमी येतं, हे मला दुकानात लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. चूक माझी आहे.

माझी तब्येत उत्तम आहे. एक विनंती आहे, मला ऑफिसला घेऊ नका. भट्टीवरच्या बायका आता स्वतःहून बोट पुढे करतात. कमलीबाईंची साखर तीनशे चाळीस निघाली, त्यांना ती आयुष्यात पहिल्यांदा कळली. हे काम मला येतं आणि मला हेच करायचं आहे.

आपली,
जिनल


वाशिम
१५ एप्रिल

राखी,

नव्या काट्याच्या नोंदी मिळाल्या. जिनलची घट ०.३, ०.२, ०.३. तुझी ०.२. आता दोन्ही मापं जुळतात. जुना काटा भंगारात काढला. प्लंबर म्हणतो टाकीला गळती नाही, ती बाब मी बंद केली.

येत्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास राहील. दुपारी बारा ते तीन तंबूच्या बाहेर कुणी जाऊ नये. जिनलला सांग, तिचं पत्र मिळालं. काटा पोत्यावर ठेवल्याचं तिने लपवलं नाही, हे मी तिच्या फाईलला लिहिलं आहे.

वैभवी


शेलूबाजार
२९ एप्रिल

वैभवी,

तुले फोनवर सगळं समजलंच. तरी पत्रकासोबत लिहा लागते म्हणून लिहून राह्यली.

बुधवार, तारीख २३. दुपारचे दोन चाळीस. जिनल कमलीबाईचं बोट धरून होती. सुई हातातच राह्यली अन् ती बाजूले कलंडली. मले वाटलं चक्कर. हात लावला त अंग तव्यासारखं, अन् घामाचा थेंब नाई. आमी ओली पातळं टाकली, कमलीबाईनं भट्टीवरचा सारा रांजण तिच्या अंगावर रिता केला. गोविंदानं गाडी अशी हाणली का मी डोळे मिटून घेतले. मंगरूळपीरले सलाईन लावलं, तिथून अकोल्याले. शुक्रवारी सकाळी गेली.

चोवीस वर्षांची होती.

पत्रक सोबत आहे. २२ तारखेपर्यंत सगळ्या बाटल्या रिकाम्या. २३ ची खूण मी केली नाई.

राखी


वाशिम
२ मे

राखी,

चौकशी समिती १३ मे रोजी नागपूरला बसणार आहे. त्यांच्यासमोर तुझी पत्रकं आणि नव्या काट्याच्या नोंदी आहेत. दोन्हींवरून निष्कर्ष एकच निघतो: पाणी पुरेसं होतं, वजन स्थिर होतं, म्हणजे मुलीला जुना आजार होता आणि तो तिने लपवला. मसुद्यात तसं लिहूनही झालं आहे.

मी अकोल्याला जाऊन तिच्या तपासण्यांचे कागद पाहिले. मूत्रपिंडं एका दुपारीत अशी होत नाहीत. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, ही मुलगी कित्येक आठवडे दिवसभर पाण्याशिवाय राहत होती.

मग मी जुन्या काट्याचे आकडे काढले. मीच ज्यांच्यावर लाल रेघ मारायला लावली ते. ४६.८, ४५.५. तो काटा भंगारवाल्याकडून परत आणला आणि प्रयोगशाळेतली प्रमाणित वजनं त्यावर ठेवून पाहिली. फरशीवर, पोत्यावर, उन्हात तापवून. तिन्ही वेळा फरक वीस ग्रॅमच्या आत. काटा खरं सांगत होता.

तेव्हा मला सांग, बाटल्या कुठे रिकाम्या होत होत्या. तुझी परवानगी नसेल तर तुझं उत्तर मी फाईलला लावणार नाही.

वैभवी


शेलूबाजार
५ मे

वैभवी,

बाभळींखाली.

पह्यले मी माही सांगते. मी रोज एक बाटली पेत होती अन् दुसरी मुक्कामावर आलो का मागं जाऊन ओतत होती. कायले ओतत होती हे तुले कलम सातच्या वेळीच सांगून झालं. दहा तास बसा लागते वं भट्टीवर. बाप्या माणसाले समजणार नाई, पण तुले समजाले पाह्यजे होतं. जिनल पण मागं येऊन ओते. मले वाटलं, तिचंही माह्यासारखंच, अर्धं पेते, अर्धं ओतते. आमी दोघी हासत होतो, एकमेकीच्या खुणा करत होतो.

तुहा नवा काटा आला त्या दिवशी समजलं. ती काट्यावर चढली अन् ओढणीतून काई टणकन वाजलं. पाह्यलं त लोखंडाचं एक किलोचं वजन, दुकानातलं, ओढणीच्या पदराले बांधेल. संध्याकाळी चढायच्या आधी बांधे. मी तोंडावर हातच ठेवला. मंग तिनं सांगितलं.

तिचा नेम होता, वैभवी. मागच्या पर्युषणात त्यांच्या जैन महाराजसाहेबांजवळ घेतलेला, वर्षभर फक्त उकळलेलं पाणी. पक्कं पाणी म्हणतात ते. कच्च्या पाण्याचा थेंब नाई. तिचा बाप कॅनमध्ये तेच आणत होता. तुह्या नारिंगी बाटलीतलं तिनं एक घोटही घेतलं नाई, पह्यल्या दिवसापासून. सकाळी घरून लोटाभर पिऊन येई अन् संध्याकाळी दिवस बुडायच्या आत घरी जाऊन पेई. मधात काई नाई.

मी म्हटलं, 'काहून सांगत नाई? वैभवीले सांगू. नाई त इथं गॅसवर उकळू.' ती म्हणे, 'सील तोडलं की ते बाहेरचं पाणी, असं पत्रकात लिहिलंय. आणि फॉर्मवर मी अडचण नाही असं लिहिलंय. खोटं लिहिलं म्हणून मॅडम मला ऑफिसला बसवतील. ताई, एप्रिल, मे, जून काढला की झालं. ऑगस्टात पर्युषण, मग माझा नेम पुरा.' माही शपथ घातली. मी गप राह्यली. तेरा दिवस गप राह्यली. मी नर्स आहे, मले समजत होतं. मी स्वतः काट्यावर चढायच्या आधी दोन तांबे पाणी ढोसत होती, म्हणून माहे आकडे बसले तुह्या तक्त्यात.

गाडीत मी दोनदा तिच्या तोंडाले बाटली लावली. शुद्ध अर्धी होती. तिनं दात घट्ट आवळले. मी बोटानं उघडाले पाह्यले, नाई उघडले.

तुले एक इचारते. मी सांगितलं असतं त तू काय केलं असतं? कॅन चढू दिली असती, का तिले ऑफिसले नेलं असतं? खरं सांग. तू मोजून सांगतं न सगळं.

हे पत्र लाव फाईलले. माह्या सहीनं लाव. नोकरी जाईन त जाईन.

राखी


वाशिम
१६ मे

राखी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ऑफिसला नेलं असतं. तिने माझ्याबद्दल केलेला अंदाज अचूक होता.

समिती झाली. तुझं पत्र आणि जुन्या काट्याची तपासणी मी समोर ठेवली. जुन्या आजाराचं कलम त्यांनी काढलं. त्याजागी जे आलं ते तुला माझ्याकडूनच कळावं. एक, कर्मचाऱ्याने भरतीच्या वेळी माहिती लपवली आणि वजनात फेरफार केला, म्हणून मृत्यूची जबाबदारी तिची स्वतःची. दोन, पथकप्रमुखाने खोट्या खुणा केल्या, म्हणून तुझी सेवा ३१ मेपासून समाप्त. तीन, बाटलीची पद्धत योग्य आहे, फक्त अंमल ढिला होता. यापुढे जोडीदारणीच्या समोर प्यायचं आणि रिकाम्या बाटलीसह फोटो काढायचा.

मी दोन बदल मागितले होते: ज्यांना उकळलेलं पाणी लागतं त्यांना घरचं पाणी पट्टी लावून आणू द्यावं, आणि ज्या ठिकाणी स्वच्छतागृहाची सोय नाही तिथे दोन तासांहून जास्त काम लावू नये. पहिल्याला 'काविळीची जोखीम' असं उत्तर आलं. त्यासाठी त्यांनी माझाच फेब्रुवारीचा अहवाल वाचून दाखवला. दुसऱ्यावर चर्चा झाली नाही, जेवणाची वेळ झाली होती.

पद्धत आता आणखी दोन जिल्ह्यांत लागू होणार आहे. तिथल्या लोकांना शिकवायला मला पाठवत आहेत.

मी खरं सांगितलं नसतं, तर कागदावर ती फक्त आजारी ठरली असती आणि तू नोकरीत राहिली असतीस. बाकी सगळं हेच झालं असतं. हा हिशेब मी वेगवेगळ्या प्रकारे मांडून पाहिला. उत्तर बदलत नाही.

वैभवी


शेलूबाजार
२२ मे २०२५

आदरणीय वैभवी मॅडम,

सादर जय जिनेंद्र. मी देवेंद्रकुमार, जिनलचा वडील. नागपूरहून संस्थेचं पत्र आलं. त्यात जिनलने माहिती लपवल्याचं लिहिलं आहे. ती हट्टी होती, तिने लपवलं असेल. त्यावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही.

मला एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती आपल्याशिवाय कुणाला विचारावी हे कळत नाही. राखीताई दुकानावर आल्या होत्या, पण नुसत्या रडल्या. जिनलचा पक्क्या पाण्याचा नेम होता. ती म्हणायची, पप्पा, तिथे मला उकळून देतात. म्हणून आम्ही निश्चिंत होतो. तरी सवयीने मी रोज पहाटे पाच वाजता तिचं पाणी उकळून ठेवत होतो, न जाणो एखाद्या दिवशी मागेल. शेवटच्या दिवशी, त्या धावपळीत, तिच्या तोंडात कच्चं पाणी गेलं का? गेलं असेल तर दोष कुणाचाच नाही, आपण जीव वाचवायलाच बघत होता. पण तसं असेल तर तिच्या वतीने मला प्रायश्चित्त घ्यावं लागेल. आमच्या आई, पानाबाई, रोज हेच विचारतात.

आपण तिच्या तब्येतीची काळजी घेत होता, तिच्या तोंडून आपलं नाव बऱ्याचदा ऐकलं. आभारी आहे.

देवेंद्रकुमार


वाशिम
२६ मे २०२५

आदरणीय देवेंद्रकुमारजी,

आपल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. कच्चं पाणी तिच्या तोंडात गेलं नाही. राखीने गाडीत दोनदा बाटली लावली, जिनलने दात उघडले नाहीत. दवाखान्यात जे दिलं ते शिरेतून, आणि ते उच्च तापमानावर निर्जंतुक केलेलं असतं. तिचा नेम शेवटपर्यंत टिकला. पानाबाईंना तसं निश्चितपणे सांगावं.

आपण विचारलं नाही, पण पुढचं सांगणं मला भाग आहे. तिला तिथे कुणी पाणी उकळून देत नव्हतं. घरचं पाणी गाडीत चढू नये हा नियम माझा होता. मीच तो लिहिला, मीच त्यावर सही केली. भरतीचा फॉर्मही मी तयार केला. त्यात जेवणाबद्दल चार रकाने आहेत, पाण्याबद्दल एकही नाही. पाणी सगळ्यांचं सारखंच असतं असं मी गृहीत धरलं होतं. ती रोज दहा तास पाण्याशिवाय काम करत होती आणि ते काटा मला सांगत होता. मी काटा बदलला.

उकळलेल्या पाण्याची मुदत किती, हे मी नंतर शोधलं. उन्हाळ्यात पाच प्रहर, म्हणजे पंधरा तास. आपण पहाटे पाचला उकळलेलं पाणी रात्री आठपर्यंत चाललं असतं. पथक संध्याकाळी साडेपाचला परत येतं. ती कॅन पुरली असती.

नियम बदलावा असं मी लेखी मागितलं. तो बदलला नाही. मी आपली क्षमा मागत नाही, कारण त्यावर उत्तर देण्याचा भार आपल्यावर पडेल.

वैभवी


शेलूबाजार
७ जून २०२५

आदरणीय वैभवी मॅडम,

सादर जय जिनेंद्र. आपलं पत्र माझा मुलगा श्रेयांस याने वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. आई आता विचारत नाहीत. त्यांना बरं वाटलं. बाकीचा मजकूर मी त्यांना सांगितला नाही.

जिनलच्या आईने त्या एक किलोच्या वजनाबद्दल विचारलं. दुकानातलं ते वजन एप्रिलपासून सापडत नव्हतं, तेव्हा मी नोकराला बोललो होतो. राखीताईंनी ते मागच्या आठवड्यात आणून दिलं आणि काय झालं ते सांगितलं. मी त्या नोकराची माफी मागितली.

आपली गाडी अजून सकाळी सहाला दुकानासमोरून जाते. जिनलच्या जागी आता हेमला नावाची मुलगी आहे, तांड्यावरची. तिचा काही नेम नसावा, पण ऊन तिलाही लागत असेल. मी पाचला पाणी उकळतो, गाळून कॅनमध्ये भरतो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहतो. गोविंदा मला ओळखतो. काचेआडून हात जोडतो आणि गाडी हळू करतो, थांबवत नाही. त्याला थांबायची परवानगी नसेल, हे मी समजतो. मुलगी मागे वळून बघते.

मग कॅन दुकानात काउंटरच्या आत ठेवतो, जिनल बसावी असं आम्हाला वाटायचं त्या जागेवर. दिवसभर कुणी मागत नाही. पाच प्रहर संपल्यावर ते पाणी ठेवता येत नाही. म्हणून दिवस मावळताना दुकानामागे जातो आणि कोरडी जागा बघून ओतून देतो.

देवेंद्रकुमार